दिवटे मास्तर ओळख दाखवत नाहीत

यज्ञेश्वर दिवटे यांनी बत्तीस वर्षं येरवड्याच्या तुरुंगात नोकरी केली, पण ते पोलीस नव्हते की पहारेकरी नव्हते. ते विणकाम शिकवायचे. मोठ्या शिक्षेच्या माणसांना हातमागावर बसवायचं, उभ्या धाग्यांचा ताणा कसा लावायचा, आडव्या धाग्याचा धोटा कसा फेकायचा, तुटलेला धागा कसा सांधायचा ते दाखवायचं आणि ठरलेल्या चादरी, टॉवेल वेळेवर काढून घ्यायचे, हे त्यांचं काम. कैदी, शिपाई, वरचे साहेब, सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

या नोकरीनं त्यांना एक रीत लावून दिली होती. सुटून गेलेला माणूस बाहेर कुठे दिसला, तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी स्वारगेटला एसटीची वाट बघताना त्यांना असा एक जण दिसला. बरोबर नवी नवरी, सासुरवाडीची चार माणसं. मास्तर आपले आनंदानं पुढे झाले आणि "काय रे, कधी सुटलास?" म्हणून बसले. त्या माणसाचा चेहरा असा काही उतरला की पुढे कितीतरी दिवस मास्तरांना घास गोड लागेना. तेव्हापासून मंडईत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत कोणीही दिसो, मास्तर आधी नजर खाली घालत. त्यानं हाक मारली तर थांबायचं, नाहीतर आपली वाट धरायची.

"इतकी वर्षं पुण्यात राहिलात, तुम्हाला रस्त्यात कोणी भेटत कसं नाही हो?" त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई विचारत.

"माझ्या ओळखीचे सगळे आत आहेत," मास्तर सांगत.

निवृत्त झाल्यावर दोघं येरवड्याचं क्वार्टर सोडून वारज्याला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. मुलगा बंगळूरला. तो दर रविवारी फोन करी. मागांमधून फिरत बत्तीस वर्षं उभ्यानं काढल्यामुळे मास्तरांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगून निळ्या झाल्या होत्या आणि कापसाच्या धुळीनं लागलेला खोकला काही केल्या जात नव्हता. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांना आता कुठे जायचं नव्हतं आणि काही बघायचं नव्हतं.

मंदाकिनीबाईंना मात्र बघायचं होतं. त्यांची भाची हेमा एका कंपनीत नोकरीला होती. शहरात दरवर्षी जो फॅशन वीक भरतो, त्याची व्यवस्था तिच्या कंपनीकडे असे. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सोळाच्या डिसेंबरात, तिनं मावशीला शनिवारचे दोन पास पाठवले.

"आपण काय करायचं तिथे?" मास्तर म्हणाले.

"बघायचं. काश्मीरला जाऊन तुम्ही काय केलं होतंत? बघितलंच ना?"

"काश्मीरला मी पावसात भिजून आजारी पडलो होतो."

"इथे छप्पर आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. विषय संपला.

त्यांनी सहलीला निघाल्यासारखी तयारी केली. पिशवीत पाण्याची बाटली, चिवड्याचा डबा, गार हवा सोसत नाही म्हणून शाल. वारज्याहून मनपा आणि मनपाहून कोरेगाव पार्क अशा दोन बस बदलून, शेवटचा टप्पा चालत, दोघं त्या मोठ्या हॉटेलच्या फाटकाशी पोचली तेव्हा मास्तरांचे पाय भरून आले होते. फाटकावरच्या रखवालदारानं पिशवी तपासायला घेतली आणि डबा बाहेर काढून हातात तोलला.

"चिवडा आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "शंका असेल तर खाऊन बघा."

रखवालदार हसला आणि डबा ठेवून घेतला.

आत हेमानं त्यांच्या मनगटाला कागदी पट्ट्या बांधल्या आणि नावं छापलेल्या एका भिंतीसमोर उभं करून फोटो काढला. सगळीकडे पन्नास रुपयांच्या चपलांवर हजारोंचे कपडे घातलेली किंवा त्याच्या उलट केलेली माणसं हिंडत होती. मंदाकिनीबाई मान वळवून वळवून बघत होत्या. "चाळीस वर्षं याच गावात राहतेय," त्या म्हणाल्या, "आणि बाई, परदेशात उतरल्यासारखं वाटतंय." मास्तर बसायला खुर्ची कुठे आहे ते शोधत होते.

खुर्ची मिळाली, तिसऱ्या रांगेत. पण कार्यक्रम चारचा म्हणून सांगितलेला साडेपाच वाजले तरी सुरू होईना. मग एकदम अंधार झाला, छातीत धडधडेल असं संगीत वाजू लागलं आणि उजेडाच्या पट्ट्यावरून उंच उंच मुली चालत आल्या. शेवटापर्यंत जात, क्षणभर थांबत, मागे वळत. कोणाच्या चेहऱ्यावर हसू म्हणून नव्हतं.

"इतक्या रागावल्यात कशानं?" मंदाकिनीबाईंनी कानाशी लागून विचारलं.

"दमल्या असतील," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःला डुलकी येत होती. एक डिझायनर झाला, दुसरा झाला. रंग डोळ्यांपुढून जात होते. मध्ये कधीतरी त्यांची मान खाली कलली.

त्यांना जाग आली ती संगीत थांबल्यामुळे. अंधारात फक्त एक आवाज येत होता. खट्‌, खट्‌, खट्‌, खट्‌. हातमागाचा आवाज. झोपेतून उठलेल्या मास्तरांना वाटलं, आपण कामावर आहोत आणि साहेबांची फेरी येण्याआधी डोळा लागला. ते सावरून बसले. मग त्या आवाजावर एका पुरुषाचं बोलणं सुरू झालं. आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं.

"आमचं घराणं विणकराचं. आजा संगमनेरात खड्ड्यात पाय सोडून खड्डामागावर बसायचा, त्याच्या मागं बाप बसला. बाप माग सुरू करायच्या आधी लाकडावर तीनदा बोटं वाजवायचा. आई ज्वारीच्या पिठाची खळ करून धाग्याला लावायची. त्या खळीचा वास आमच्या अंथरुणाला यायचा..."

साध्या सुती साड्या, सुती कुडते घातलेल्या मुली चालू लागल्या होत्या. मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. संगमनेरचा तो खड्डामाग त्यांच्या आजोबांचा होता. तीनदा बोटं वाजवणारा बाप त्यांचा होता. खळीचा वास त्यांच्या अंथरुणाला येत असे. पुढे यंत्रमाग आले, वडिलांचा माग बंद पडला आणि यज्ञेश्वरनं सरकारी नोकरी धरली. ही हकीकत बायकोला माहीत होती, मुलाला अर्धीमुर्धी. बाकी ती सांगितली होती फक्त तुरुंगातल्या मागाच्या शेडमध्ये, दुपारी जेवणानंतर कैद्यांचे हात जड व्हायचे तेव्हा, त्यांना जागं ठेवायला.

आणि आवाज त्यांनी ओळखला. हिंदुराव.

हिंदुराव शिरूरकडचा. बावीस वर्षांचा असताना बांधावरून भांडण झालं, त्यानं चुलतभावाच्या डोक्यात फावडं घातलं. चुलतभाऊ जागीच गेला. जन्मठेप झाली. बापानं कोर्टातच तोंड फिरवलं आणि चौदा वर्षांत एकदाही भेटीला आला नाही. मागावर बसवलं तेव्हा पहिले सहा महिने हा पोरगा रागानं धागे तोडायचा. मास्तर काही न बोलता शेजारी बसून सांधून द्यायचे. सातव्या महिन्यात त्यानं स्वतः सांधायला सुरुवात केली. पुढे तो असा तयार झाला की अवघड कापड आलं की मास्तर त्याच्याकडेच द्यायचे. मास्तर निवृत्त झाले त्याच साली तो सुटला.

शेवटी उजेड वाढला. एक तरुण डिझायनरबाई हसत हसत आली आणि तिनं पडद्यामागून एका माणसाला हाताला धरून पुढे आणलं. पांढरा सदरा, पिकू लागलेले केस, उजेडानं मिटणारे डोळे. "आमचे मास्टर विणकर," ती ध्वनिक्षेपकात म्हणाली, "ज्यांच्या रक्तातच विणकाम आहे!" लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले. मास्तरांना उठायला वेळ लागला. ते उभे राहिले तेव्हा पुढचे लोक बसू लागले होते, आणि हिंदुरावाची नजर नेमकी त्यांच्यावर आली.

त्याचे जोडलेले हात तसेच राहिले. 

मास्तरांनी चष्मा काढला आणि शालीच्या टोकानं पुसायला लागले. काचा स्वच्छच होत्या.

"चला आता," ते मंदाकिनीबाईंना म्हणाले. "पाय फार दुखतायत."

पण बाहेर जायची वाट विक्रीच्या मांडवातूनच होती. मंदाकिनीबाईंना त्या सुती साड्या हातानं बघायच्या होत्या. विणकराच्या घरात नांदलेली बाई, तिला किती वेळ अडवणार? त्या थेट त्याच टेबलापाशी गेल्या. टेबलामागे डिझायनरबाई गिऱ्हाइकांशी बोलत होती आणि बाजूला हिंदुराव उभा होता. मास्तर चार पावलं मागे, खांबाला टेकून राहिले.

हिंदुराव त्यांच्याकडेच बघत होता. बघू नये म्हणून मान वळवी आणि पुन्हा बघे. गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक मुलगी त्याच्याशी बोलत होती, तिच्या ते लक्षात आलं.

"काका," ती मास्तरांकडे वळून म्हणाली, "तुम्ही यांना ओळखता का? एक क्यूट फोटो होईल."

हिंदुरावानं टेबलाची कड घट्ट धरली.

"नाही," मास्तर म्हणाले. "आज पहिल्यांदाच बघतोय."

मुलगी दुसरीकडे गेली. हिंदुरावाचे खांदे खाली आले.  मग त्यानं एक साडी उचलली आणि खांबापाशी येऊन दोन्ही हातांवर धरली.

"काका, कापडातलं कळतं जणू तुमाला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "जरा किनार बघता का?"

मास्तरांनी काठावरून अंगठा फिरवला. कापड उत्तम होतं. सगळं सारखं, घट्ट, कुठे झोल नाही. पण डाव्या काठाला वीत-दीड वीत गेलं की एक बारीकशी ओढ लागत होती. धोटा डावीकडून परत फेकताना हा माणूस मनगट आखडतो. चौदा वर्षं सांगूनही गेलेलं नाही.

"डाव्या हाताला ओढ आहे," ते म्हणाले.

"जात न्हाई सवय," हिंदुराव म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"कळत नाही कोणाला. चांगलं आहे कापड."

तेवढंच बोलणं झालं. मंदाकिनीबाईंनी एक करड्या रंगाची साडी पसंत केली. तसलीच पण रुंद काठाची विणून घरपोच मिळेल असं कळल्यावर त्यांनी तिथल्या कागदावर वारज्याचा पत्ता लिहून दिला. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली नाही. कर्वे रस्त्यापर्यंत मास्तर दांडीला धरून उभे होते.

"तो माणूस तुमच्या घरची गोष्ट सांगत होता," मंदाकिनीबाई एकदम म्हणाल्या.

मास्तरांनी दांडीवरचा हात बदलला.

"मी काय बहिरी आहे का? खळीचं मला सासूबाईंनी स्वतः सांगितलंय."

"घरी गेल्यावर बोलू," मास्तर म्हणाले. घरी गेल्यावर ते न जेवता झोपले, आणि मंदाकिनीबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी दारात हिंदुराव उभा होता. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी. मंदाकिनीबाईंनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि चहा ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेल्या. हिंदुराव सोफ्याच्या अगदी कडेला टेकला.

"मास्तर," तो म्हणाला, "मी तुमचा बाप चोरला."

"हं."

"त्या बाईंनी विचारलं, कुठं शिकला? मी म्हटलं, घरी. मग म्हणाल्या, घरचं सांगा. माज्या बापाचं काय सांगू? त्यानं तोंड फिरवलं, तेवढंच ठाऊक. मला दुसरं घर म्हायतीच न्हवतं. तुमचंच म्हायती होतं. दुपारी तुमी सांगायचा तवा मी डोळं मिटून ऐकायचो. मला वाटायचं, ती खळ माजीच आई करतीया." त्यानं मान खाली घातली. "तुमाला राग आला आसंल."

मास्तरांनी विचार केला. त्या रात्री राग आला होता. वाईटही वाटलं होतं. आता बघायला गेलं तर हाताला काही लागेना. "माझ्या मुलाला त्यांचं नावसुद्धा धड आठवत नाही," ते म्हणाले. "तुला बोटं वाजवल्याचंही आठवतंय. राहू दे."

पण हिंदुराव तेवढ्यासाठी आला नव्हता. त्या दिवशी मास्तरांना बघितल्यापासून त्याला चैन पडेना, म्हणून त्यानं आठच दिवसांत जाऊन डिझायनरबाईंना खरं काय ते सांगून टाकलं होतं. काम जाईल अशी मनाची तयारी ठेवून गेला होता. बाई रागावल्या नाहीत. उलट खूश झाल्या. ही तर त्याहून मोठी गोष्ट आहे, म्हणाल्या. पुढच्या वर्षी मंचावर गजांचा देखावा करू, तुम्ही कैद्याच्या पांढऱ्या कपड्यांत, टोपी घालून माग चालवत बसा, देशभरातून लोक येतील.

"सुटल्यावर लगीन केलं, बायकोची पयल्या घरची पोरगी बारावीला हाय," हिंदुराव म्हणाला. "तिच्या कालिजात कुणाला ठाव न्हाई. आन्‌ ती टोपी... मास्तर, ती टोपी मी सुटलो त्या दिशी नदीत सोडलीया. काय करू सांगा."

चहा आला, निवला. मास्तरांना खरोखर थकवा आला. हे सगळं तुरुंगाच्या फाटकाच्या आत ठेवून आपण आठ वर्षांपूर्वी बाहेर पडलो, असं ते धरून चालले होते. बाहेरच्या माणसाच्या आयुष्यात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं. एकदा स्वारगेटला घातलं, तेवढं पुरे झालं होतं.

"नाही म्हणून सांग," ते म्हणाले.

"मला जमत न्हाई त्यांच्या म्होरं बोलायला. इंग्रजी सुरू करत्यात."

मास्तर बराच वेळ पोटरी चोळत बसले. मग म्हणाले, "उद्या किती वाजता असतात त्या?"

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गेले. डिझायनरबाईंचं ऑफिस कल्याणीनगरला, दुसऱ्या मजल्यावर. मुलगी वाईट नव्हती. तिनं मास्तरांना खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि आपला बेत डोळे चमकवत सांगितला. लोकांना गोष्ट लागते, काका. नुसतं कापड आजकाल कोणी बघत नाही.

"गोष्ट हवी असेल तर संगमनेरची वापरा," मास्तर म्हणाले. "ती माझी आहे. माझ्या वडिलांची. माझं नाव घालून वापरा, माझी हरकत नाही. पण याला टोपी घालू नका."

"पण त्यांनी काय केलं ते लपवायचं कशाला? आता ते बदललेत. त्यांना अभिमान वाटायला हवा."

"बाई, मी बत्तीस वर्षं त्या टोपीवाल्यांबरोबर काढली. अभिमान वाटायला हवा असं त्यांना सांगणारी माणसं पुष्कळ यायची. कार्यक्रम करून जायची. हा माणूस जेवढी शिक्षा होती तेवढी भोगून बाहेर आला. वर आणखी एक दिवस कशाला बसवता?"

 मुलीनं कॉफीचा कप बाजूला सारला.

"मग कार्डावर लिहू काय?" तिनं शेवटी विचारलं.

"नाव लिहा. गाव लिहा. हातमागावर विणलंय, लिहा."

"एवढंच?"

"एवढंच खरं आहे."

विचार करते, असं ती म्हणाली. जिने उतरताना हिंदुरावानं मास्तरांचा हात धरला. मास्तरांनी सोडवून घेतला नाही. रस्त्यावर आल्यावर हिंदुराव म्हणाला, "मास्तर, कुणी विचारलं तर आता काय सांगू? तुमी कोन माजे?"

"शिकवलं म्हणून सांग," मास्तर म्हणाले. "कुठे ते लोक आपले ठरवतील."

पुढे काय झालं म्हणाल तर फार काही झालं नाही. डिझायनरबाईंनी गजांचा देखावा केला नाही. पण दिल्लीच्या ज्या मोठ्या कार्यक्रमासाठी हिंदुरावाला न्यायचं चाललं होतं, तेही राहिलं. पहिल्या वर्षाइतकं काम पुन्हा आलं नाही. शिरूरजवळ त्यानं मांडलेले तीन माग होते, त्यातला एक बंद करावा लागला. दोन चालू राहिले. त्याची मुलगी बारावी झाली. बापाचं तिला कोणी सांगितलं की तिनंच विचारलं ते मास्तरांना कळलं नाही. एकदा पाया पडायला आली होती. "बाबांचे मास्तर ना तुम्ही?" म्हणाली. मास्तर हो म्हणाले.

पुढच्या डिसेंबरात हेमानं पुन्हा पास पाठवले. मास्तरांच्या पायाची शीर तेव्हा फारच सुजली होती, डॉक्टरांनी पाय वर ठेवून पडायला सांगितलं होतं. मंदाकिनीबाई शेजारणीला घेऊन गेल्या. मास्तर दुपारी जेवून आडवे झाले, खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर सरकत गेलं, आणि त्यांना गाढ झोप लागली.

दिवेलागणीला मंदाकिनीबाई आल्या. चपला काढता काढता म्हणाल्या, "त्यांच्या साड्या होत्या. चारच होत्या, पण छान होत्या. कार्डावर नाव होतं. ते स्वतः काही आले नव्हते."

"बरं," मास्तर म्हणाले. भिंतीला धरून हळूहळू उठले आणि बायको दमून आलीय म्हणून चहा ठेवायला आत गेले.